विसाचं वजन

आमच्या घरात मिठाच्या बरणीलासुद्धा लेबल होतं. त्यावर बाबांच्या टपोऱ्या अक्षरात ‘चवीपुरते’ असं लिहिलेलं असे. लोणच्यावर ‘एक फोड, जेवणाबरोबर’, तुपावर ‘वरणभातावर, सढळ हाताने’, आणि दिवाळीतल्या चकल्यांच्या डब्यावर ‘दिवसातून दोन. मुक्ताच्या हाताला लागेल असे ठेवू नये’. मुक्ता म्हणजे मी. बाबा मिरजेला आजोबांच्या औषधांच्या दुकानात लहानाचे मोठे झाले, तिथेच फार्मसिस्ट झाले आणि मी नऊ वर्षांची असताना आम्हाला घेऊन ख्राइस्टचर्चला आले. हॉर्नबीच्या एका फार्मसीत ते दिवसभर लेबलं चिकटवत आणि घरी येऊन पुन्हा तीच हौस भागवत. आई म्हणायची, "एक दिवस माझ्या कपाळावर पण चिकटवा, ‘सकाळी चहाआधी बोलू नये’ म्हणून." बाबा म्हणत, "त्याला लेबल कशाला? ते सगळ्यांना माहीत आहे." अशा वेळी आई खोटंखोटं रागवायची. तिचा खरा राग निराळा असे, त्यात आवाज नसे.

ते घर आता दुसऱ्या कुणाचं आहे. पण त्याचे आवाज मला इकडे वेलिंग्टनजवळ, पोरिरुआच्या घरात बसून अजून ऐकू येतात. मागच्या बाजूने जाणारी मालगाडी, कारखान्याचा दुपारचा भोंगा, नॉर्वेस्टर सुटला की कुंपणाच्या पत्र्याची थडथड. हा नॉर्वेस्टर म्हणजे डोंगरावरून येणारा गरम, कोरडा वारा. तो सुटला की आईचं डोकं दुखायचं, कणीक वाळायची आणि बाबा म्हणायचे, आज नेम लागायचा नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीत एका कुंडीत तुळस होती. तिला हिवाळ्यात आई रात्री टॉवेल पांघरायची. आणि संध्याकाळी जेवणानंतर, उन्हाळ्यात नऊनऊ वाजेपर्यंत उजेड असायचा तेव्हा, गॅरेजमधून एक आवाज यायचा. आधी कर्र आणि मग टक्. तो बाबांच्या प्रेसचा आवाज. बाबा काडतुसं भरत असत.

मिरजेचा एक शाकाहारी फार्मसिस्ट, जो एकादशीला साबुदाण्यात शेंगदाणे कमी पडले म्हणून कुरकुर करतो, तो काडतुसं कशाला भरेल, असं कुणालाही वाटेल. माझ्या मुलीला तर ही गोष्ट पटतच नाही. "आजोबा? नो वे," म्हणते. पण ते घडलं ते रॉनमुळे. रॉन म्हणजे आमचा शेजारी, निवृत्त फिटर, बायको जाऊन बरीच वर्षं झालेला. एका रविवारी बाबा शिडी मागायला त्याच्याकडे गेले आणि दोन तासांनी शिडी न घेताच परत आले. रॉन त्याच्या बाकावर काडतुसांत भरायची पावडर मोजत होता. बाबा आले ते थेट कपाटावर चढले आणि मिरजेहून आणलेली लाकडी पेटी त्यांनी खाली काढली. आत आजोबांचा दोन पारड्यांचा नाजूक काटा होता, आणि निळ्या मखमलीत बसवलेली पितळी वजनं. ती सगळी ग्रेनमधली. जुन्या काळी औषधं ग्रेनमध्ये मोजत. बाबांच्या कॉलेजपर्यंत ते माप औषधांतून हद्दपार झालं होतं, पेटी नुसती आठवण म्हणून राहिली होती. आणि इथे हॉर्नबीत, कुंपणापलीकडे, एक म्हातारा गोरा माणूस पावडर ग्रेनमध्ये मोजत बसला होता. "अगं, ग्रेन!" बाबा आईला सांगत होते. मिरजेचं कुणी जवळचं माणूस भेटावं असा त्यांचा चेहरा झाला होता. इतकी वर्षं परदेशात काढल्यावर आता मला तो चेहरा समजतो. तेव्हा मला वाटलं होतं, बाबांचं काहीतरी बिनसलंय.

वर्षभरात परवाना आला, रॉनची जुनी रायफल आली, भिंतीत बोल्ट मारलेलं लोखंडी कपाट आलं. रॉन बाबांना ‘डॉक’ म्हणायचा. बाबांनी दहा वेळा सांगितलं की मी डॉक्टर नाही. त्यावर तो, ठीक आहे अशा अर्थाने, "स्वीट ॲज, डॉक" म्हणायचा. ती रायफल हरहुन्नरी होती, शनिवारी रेंजवर कागदाला आणि मार्चच्या शेवटी डोंगरात हरणाला, दोन्हीला चालणारी. पण अशा रायफलला दोन लोड लागतात, असं रॉनचं म्हणणं होतं. लोड म्हणजे काडतुसाचा नुस्खा म्हणा ना, कुठली पावडर किती, आणि तिच्यावर कुठली गोळी. कागदासाठी हलकी गोळी आणि बेताची पावडर, म्हणजे खांदा दुखत नाही. हरणासाठी जड, मऊ नाकाची गोळी आणि जास्त पावडर, म्हणजे जनावर एका फटक्यात पडतं, तडफडत नाही. बाबांना हे मान्य नव्हतं. दोन लोड म्हणजे दर वेळी दुर्बिणीचा नेम पुन्हा जुळवणं आलं, आणि कुठल्या डब्यात काय आहे याचा घोळ आला. "एक रोगी, एक औषध," ते म्हणत. "कागदावर ज्याच्यावर हात बसलाय, तेच डोंगरात न्यायचं." त्यांना एकच लोड हवा होता, मऊ नाकाच्या गोळीचा, पण कागदावरही नेमका बसणारा. नेमका म्हणजे किती? तर शंभर मीटरवर तीन गोळ्यांची तीन भोकं पन्नास सेंटच्या नाण्याखाली झाकली गेली पाहिजेत. तेव्हाचं ते नाणं मोठं असे. रॉन हसून म्हणाला होता, "डॉक, हरीण काही हातात नाणं घेऊन उभं राहत नाही." तरी बाबांनी वही काढली.

त्या वर्षी मी सतरा वर्षांची होणार होते, शाळेचं शेवटचं वर्ष लागणार होतं, आणि रोअरला मलाही नेण्याचं बाबांनी कबूल केलं होतं. इथल्या शरद ऋतूत, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, नर हरणं डोंगरात ओरडतात, त्या दिवसांना इथे सगळे रोअर म्हणतात. रॉनच्या ओळखीची एक हट होती, नदी ओलांडून चार तास चालत. पत्र्याचं छप्पर, चार बंक, चुलीवर लटकवलेली किटली. रॉन सांगायचा, पहाटे दार उघडलं की धुक्यातून समोरच्या कड्यावरून आवाज येतो आणि पोटात घुमतो. मला हरीण मारायचं होतं का? खरं सांगते, नव्हतं. मला ते दार उघडायचं होतं. बाबांच्या शेजारी उभं राहून तो आवाज ऐकायचा होता. बाबा तेव्हा काय बोलतील ते ऐकायचं होतं, कारण घरात ते फक्त लेबलांतूनच बोलायचे. अट एकच होती. लोड सापडला पाहिजे, आणि त्याच लोडने मी स्वतः तीन गोळ्या नाण्याखाली बसवल्या पाहिजेत.

आईला यातलं काहीच पसंत नव्हतं. रॉन कधी हरणाचे सॉसेज घेऊन यायचा, तर आई ती पिशवी पदराने धरून त्याच्यासमोर गोड हसून घ्यायची आणि तो वळला की पलीकडच्या सामोअन कुटुंबाला देऊन यायची. "मारायचं, आणि खायचंही नाही," ती बाबांना म्हणायची, "हे तर त्याहून वाईट." हरणं इथली नव्हेत, ती जंगल खाऊन टाकतात, असलं काहीतरी बाबा पुटपुटत. दसरा आला. बाबा म्हणाले, शस्त्रपूजेला रायफल काढू या का? आईने कणीक मळता मळता वर न बघता सांगितलं, "ती माझ्या देवापाशी येणार नाही. काटा आणा. तो मामंजींचा आहे." म्हणून काटा देवासमोर आला. बाबांनी एवढंच बजावलं, की वजनांना कुणी बोट लावायचं नाही. वजनं फक्त चिमट्याने उचलायची, बोटाचं तेल लागलं तरी माप बिघडतं, हे मी लहानपणापासून ऐकत होते. मग ते सोनं म्हणून वाटायला कुंपणावरच्या आयव्हीची पानं तोडायला गेले. आपटा कुठून मिळणार इथे?

ते बाहेर गेल्याबरोबर आईने माझ्याकडे पाहिलं. "काट्याची पूजा आणि वजनं कोरडी? असं कधी असतं का? विसाचं उलटं कर." वीस ग्रेनचं वजन त्यातलं सगळ्यात जाड, आणि त्याच्या बुडाला एक खळगा होता. मी ते चिमट्याने उलटं केलं. आईने करंगळीने त्या खळग्यात हळद भरली, कुंकू भरलं, वर अक्षतेचा एक दाणा दाबला. "वरून दिसायचं नाही," ती म्हणाली आणि लहान मुलीसारखी हसली. मग ते सुलटं करून मखमलीत ठेवून दिलं. बाबा आयव्हीची पानं घेऊन आत आले तेव्हा आम्ही दोघी आरतीची तयारी करत होतो. आईबरोबर असं गुपित माझं आधी कधीच नव्हतं. मला ते फार आवडलं.

दिवाळी झाली आणि मिरजेहून फोन आला, आजीचं कंबरेचं हाड मोडलं. आई जायला निघाली. ते कारण खरंच होतं. पण निघायच्या आदल्या दिवशी मी भिंतीपलीकडून तिचा तो आवाज नसलेला राग ऐकला. ती बाबांना म्हणत होती, "पोरीलाही त्यात ओढलंत. ते कपाट घरात राहणार असेल तर मी मिरजेलाच बरी." माझ्या वर्गातल्या दोन मैत्रिणींच्या आया अशाच काही दिवसांसाठी गेल्या होत्या आणि नंतर मुली एक आठवडा इथे, एक आठवडा तिथे राहू लागल्या होत्या. मी ते मनात जोडलं. आई बोलली ते रागाने, एवढं कळायचं माझं वय होतं. तरीही मी रोज कॅलेंडरकडे बघत होते.

त्या डिसेंबर-जानेवारीच्या उन्हाळ्याने माझं मन अजून भरलेलं नाही. घरात आम्ही दोघंच. बाबा भाताचा कुकर लावत आणि मी आमटी करत असे, ती रोज वेगळी बिघडे. बाबा त्या पातेल्यावर रोज नवं लेबल लावत, ‘पोटात घेण्यापूर्वी हलवावे’. जेवण झालं की गॅरेज. मी वापरलेली पितळी काडतुसं पुसून, उभी करून, लाकडी फळीतल्या भोकांत मांडायची. बाबा प्रेसमध्ये एकेक घालून मूळ मापावर आणायचे, कर्र, टक्. बुडाला ठिणगी पाडणारा प्रायमर बसवायचे. मग काटा. एका पारड्यात वजनं, विसाचं, दहाचं आणि वर बारीकसारीक, आणि दुसऱ्या पारड्यात पावडर, चमच्याच्या टोकाने दाणा दाणा सोडत. काटा मधोमध थांबला की बाबा श्वास सोडायचे आणि मग मलाही कळायचं की मीही धरून ठेवला होता. पावडरीची बाटली एका वेळी एकच बाकावर, आणि ती तीनदा वाचायची. उचलताना, ओतताना, परत ठेवताना. काडतुसं भरण्याच्या पुस्तकातल्या सगळ्यात खालच्या आकड्यापासून ते सुरू करत आणि दर आठवड्याला चिमूटभर वर जात, पुस्तकाच्या मर्यादेपासून चांगलं अंतर राखून. बोलणं फार नसे. पण एखाद्या संध्याकाळी चमचा धरल्याधरल्या ते अचानक सांगत, आजोबांनी त्यांना पहिल्यांदा काट्याला हात लावू दिला तेव्हा ते किती वर्षांचे होते, दुकानासमोर तंबोऱ्यांच्या तारा लावताना कसा आवाज येई, आईला बघायला गेले तेव्हा त्यांच्या हाताला कापराचा वास कसा येत होता. मी हातातलं काडतूस पुसत राहायची. वर पाहिलं तर ते गप्प होतील अशी भीती वाटायची.

एकदा रॉन त्याचा काटा घेऊन आला. त्याचा एका दांडीचा, सरकत्या वजनाचा. बाबांनी तोललेली पावडर त्याने आपल्या काट्यावर टाकली आणि म्हणाला, "डॉक, माझा अर्धा ग्रेन जास्त दाखवतोय." बाबांनी त्याच्या काट्याकडे दयेने पाहिलं. "तुझा चुकतोय. ही माझ्या वडिलांची वजनं आहेत." रॉनने खांदे उडवले, "नो वरीज." खरंच मला तेव्हा काही सुचलं नाही. अक्षतेच्या एका दाण्याला वजन असतं, हे फार्मसिस्टच्या मुलीच्या डोक्यात आलं नाही.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी लोड सापडला. वारा पडलेला होता. रेंज म्हणजे नदीकाठचं गवताळ माळरान, टोकाला मातीचा बांध, एका खांबावर लाल झेंडा. बाबांनी तीन गोळ्या झाडल्या, दुर्बिणीतून पाहिलं आणि बराच वेळ डोळा काढलाच नाही. मग रायफल माझ्याकडे दिली. वाळूच्या पिशवीवर हात टेकवून मीही तीन झाडल्या. गोळीबार थांबल्याची खूण म्हणून झेंडा खाली आला, आम्ही चालत गेलो. माझी तीन भोकं एकमेकांना चिकटून बसली होती. बाबांनी खिशातलं नाणं काढून त्यावर ठेवलं आणि तिन्ही नाहीशी झाली. रॉनने शिट्टी मारली. बाबांनी वही उघडून आकडा लिहिला, त्याखाली दोन रेघा मारल्या, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. तसा त्यांनी नंतर फक्त माझ्या लग्नात ठेवला.

हटवर जायला महिना उरला होता. बाबा म्हणाले, पाडव्यानंतरच्या शनिवारी चाळीस काडतुसं भरू, रविवारी रेंजवर एकदा खात्री करू आणि बुधवारी निघू. पाडव्याच्या आदल्या दिवशी आईचा फोन आला. आजी आता काठी घेऊन चालत होती, पण तिकिटाचं ती काहीच बोलली नाही. देवाची भांडी चिंचेने घास, गुढीच्या तांब्याला डाग ठेवू नकोस, साखरेची गाठी नसेल तर कोपऱ्यावरच्या दुकानातून साध्या साखरेच्या गोळ्या आणून माळ कर, असं सगळं सांगून झाल्यावर तिने आवाज खाली आणला. "आणि ते विसाच्या खालचं काढलंस का गं? नवं वर्ष लागतंय. जुनं निर्माल्य ठेवू नये. त्यांना कळायच्या आत काढ." त्या कुजबुजीने मला इतकं बरं वाटलं! गुपित सांभाळायला सांगतेय म्हणजे परत यायचं तिच्या मनात आहे, असा मी अर्थ लावला. बाबा कामावर होते. मी विसाचं वजन उलटं केलं आणि सुईच्या टोकाने सगळं काढलं. हळदकुंकवाची कडक झालेली वडी निघाली, तांदळाचा दाणा निघाला. ते मी तुळशीच्या कुंडीत टाकलं. खळगा कापसाने पुसला आणि वजन मखमलीत ठेवून दिलं.

रविवारी रेंजवर बाबांची पहिली तीन भोकं तळहाताएवढी पांगली. पुढची तीनही तशीच. वारा नव्हता. मी झाडल्या, माझ्याही पांगल्या. रॉन म्हणाला, "डॉक, हरणासाठी हे हीप्स आहे, भरपूर आहे. चल जाऊ या." बाबांनी ऐकलं नाही. घरी येऊन त्यांनी वही, पावडर, प्रायमर, गोळ्या, सगळं बाकावर मांडलं आणि एकेक तपासलं. डबे तेच, आकडे तेच. शेवटी त्यांनी रॉनकडून त्याचा काटा मागून आणला आणि पावडर तोलून त्यावर टाकली. मी दारात उभी होते. त्यांनी आकडा वाचला, पावडर परत काढली, पुन्हा तोलली, पुन्हा वाचला. "आता जुळतंय," ते हळूच म्हणाले. त्या क्षणी मला सगळं एकदम कळलं. आम्ही सारा उन्हाळा वहीत लिहिलं होतं त्यापेक्षा अर्धा ग्रेन जास्त पावडर भरत होतो.

बाबा माझ्याकडे वळले. आवाज चढलेला नव्हता. "मुक्ता, वजनांना कुणी हात लावला होता का?"

मला दिसत होती ती आई. वजनांना बोट लावायचं नाही, ही त्यांची अट तिने मोडली होती, आणि ती इथे नव्हती. आधीच ती मिरजेलाच बरी होती. हे कळलं तर बाबा काय म्हणतील, आणि ते तिला कळलं तर ती तिकीट काढेल का, एवढाच हिशेब मी केला.

"नाही," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की, बाबा."

ते थोडा वेळ विसाच्या वजनाकडे बघत राहिले. मग पेटी बंद केली. "मग मला कळत नाही काय झालं. आणि जे कळत नाही ते मी काडतुसात भरणार नाही. खात्री नसेल तर बाटली काउंटरवरून पुढे सरकवायची नाही." त्यांनी ती काडतुसं परत मोकळी करून ठेवली. बुधवारी रॉन एकटाच गेला. मी त्या दिवशी शाळेत होते. खिडकीतून डोंगर स्वच्छ दिसत होते.

आज साठीला टेकताना मला माहीत आहे की त्यांना माझा एक शब्द पुरला असता. ‘हो’ म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं किती होतं, आणि मग अर्धा ग्रेन पावडर वाढवून पुन्हा रेंजवर नेलं असतं, आणि आम्ही बुधवारी निघालो असतो. इतकं सोपं होतं ते.

आई एप्रिलच्या शेवटी आली, दोन बॅगा भरून चिवडा आणि मेतकूट घेऊन, जणू काही झालंच नव्हतं. कपाट भिंतीतच राहिलं. पुढच्या वर्षी मी शिकायला वेलिंग्टनला गेले, आणि त्या मार्चमध्ये बाबांचा पहिला फोन आला. "मुक्ता, लोड सापडला गं. येतेस? हट तीच आहे." मला वाटलं, बिचारे माझी समजूत काढताहेत. सापडणं शक्यच नव्हतं, कारण हरवल्याचं कारण फक्त मला ठाऊक होतं. मी म्हटलं, असाइनमेंट आहे, पुढच्या वर्षी नक्की. पुढच्या वर्षी परीक्षा होती. मग नोकरी, मग बाळंतपण, मग मुलीची शाळा, आणि दर मार्चला तो फोन. "लोड आहे हं तयार." त्या हटचं नाव काढलं की मला ते ‘नाही’ आठवायचं, म्हणून मी फोनवर घाईत असल्यासारखं बोलायची. मग रॉन गेला. मग बाबांचे गुडघे गेले. तरी फोन यायचाच. तीन वर्षांपूर्वी बाबा गेले, आणि त्यानंतरच्या पहिल्या मार्चमध्ये मी महिनाभर फोन उशाशी घेऊन झोपले.

घर आवरताना रायफल आणि काडतुसं नियमाप्रमाणे क्लबातल्या एका परवानाधारकाच्या हवाली केली. तो भला माणूस. काडतुसं मोजून घेतल्यावर एक रिकामा प्लास्टिकचा खोका त्याने मला परत दिला. "यावर तुमच्या भाषेत काहीतरी आहे. तुम्ही ठेवा." मी ते लेबल वाचलं, बाबांची नेहमीची थट्टा म्हणून रडता रडता हसले, आणि तो खोका काट्याच्या पेटीबरोबर पोरिरुआला आणला. आईलाही आणलं.

यंदाच्या दसऱ्याला आईने काटा मागितला. ती आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, हात कापतात. मी पेटी देवासमोर ठेवली. तिने हळदीत करंगळी बुडवली आणि म्हणाली, "विसाचं उलटं करून दे. ते द्यायचे तसं."

"कोण द्यायचे?"

"कोण म्हणजे? तुझे बाबा. दर दसऱ्याला, तू आसपास नसताना. आधी तांदळाचे दाणे तोलत बसायचे आणि एक निवडून माझ्या हातावर ठेवायचे, ‘हाच घाल, मागच्यासारखा’ म्हणून. मी म्हणायची, अहो, पूजा आहे की प्रिस्क्रिप्शन?"

मी चिमट्याने विसाचं उलटं करून तिच्यापुढे ठेवलं. "आई, बाबांना ठाऊक होतं? ते कुंकवाचं?"

"मिरजेहून आले त्याच दिवशी मी सांगितलं की. त्यात लपवायचं काय? असे हसले! म्हणाले, तरीच." ती खळग्यात हळद भरत होती, जराशी बाहेर सांडत. "पुढे तू हटला यायचं टाळायला लागलीस तेव्हा मी म्हटलं, मुक्ताला सांगा, तिने उगाच मनाला लावून घेतलंय. तर नको म्हणाले. ती सांगेल तेव्हा सांगेल, म्हणाले. हटवर गेलो की आपणहून सांगेल."

मी कपाटातून खोका काढला. चाळीस काडतुसांच्या चाळीस रिकाम्या जागा. झाकणावरचं लेबल बरंच जुनं होतं. कडा दर वर्षी नव्या चिकटपट्टीने दाबून बसवल्या होत्या, पट्टीवर पट्टी. अक्षर टपोरं, सरळ, मिठाच्या बरणीवर होतं तसंच.

‘कु. मुक्ता. वर्षातून एकदा, मार्चमध्ये, बाबांबरोबर. डोस चुकल्यास काळजी करू नये, पुढच्या वर्षी घ्यावा.’